पावलांची आवर्ती ठेव

बँकेच्या सेवेत सारी उमेद घालविलेल्या माणसाला जगातील प्रत्येक गोष्ट जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत मांडून पाहण्याची सवय जडते. निवृत्तीनंतर खुर्ची सुटते, पण ही सवय सुटत नाही. तरीही माणसाचे चालणे ही एक ठेव असून ती मोडली तर दररोज थोडी थोडी भरून पुन्हा उभी करावी लागते, ही साधी गोष्ट मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत उमगली नव्हती. ती उमगली थोरल्या बंधूंच्या आजारपणात. त्या काळात आम्ही कुटुंबीयांनी केलेल्या चुका इतर घरांत होऊ नयेत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. दुखणे अण्णांचे आहे आणि लिहिण्यास त्यांची संमती आहे.

न वाचलेली ओळ

अण्णांचे धान्याचे दुकान साताऱ्यात मोती चौकाजवळ, आणि मी नोकरीनिमित्त स्थिरावलो सांगलीत. २०१८ च्या श्रावणात एके सकाळी मंदिरातून दर्शन घेऊन येताच ते दुकानाच्या गादीवर बसले आणि डाव्या हातातील किल्ल्यांचा जुडगा गळून पडला. उचलायला वाकले, तो डावीकडे कलंडले. वय एक्काहत्तर. रक्तदाबाच्या गोळ्या ‘आता बरे वाटते’ म्हणून त्यांनी तीन महिन्यांपूर्वी परस्पर बंद केल्या होत्या. आपल्या भागात ज्याला ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात, तो हा पक्षाघात.

रुग्णालयात उपचार झाले, प्राण वाचले आणि दहा दिवसांनी अण्णांना घरी आणले. घरी पाठविताना दिलेल्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती : ‘भौतिकोपचार सुरू ठेवावा.’ कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे डोळ्यांत तेल घालून वाचणारा मी; ती ओळ माझ्या दृष्टीस पडली, पण मनात शिरली नाही. व्यायाम पुढे, अंगात ताकद आल्यावर करावयाचा, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले.

मग आमच्या परीने आम्ही कशाचीही उणीव ठेवली नाही. वर-खाली होणारा पलंग आणला, दिवस-रात्रीसाठी दोन माणसे ठेवली. सीमाभागातील एका गावाहून झाडपाल्याचे औषध आणले. सकाळ-संध्याकाळ कोमट तेलाने मालीश होऊ लागले. पाणी मागण्यापूर्वी पेला ओठांशी आणि कूस बदलण्यापूर्वी दोन माणसे उशाशी. अण्णांना उठवून बसवायचे झाले की डाव्या दंडाला धरून वर ओढत असू. अशा थाटात सत्तर दिवस गेले. सत्तराव्या दिवशी अण्णांचा डावा खांदा हात लावू देत नव्हता, घोटा खालच्या बाजूस ताठरून बसला होता आणि आधाराशिवाय पलंगाच्या कडेवर त्यांना दोन मिनिटेही बसता येत नव्हते. आम्ही सेवा समजून जे केले, तिचा ताळेबंद हा असा निघाला.

मेंदू नवी वाट काढतो

पुढे तज्ज्ञांकडून जे समजले, ते थोडक्यात सांगतो. पक्षाघातात बिघाड पायात नसतो, तो मेंदूत असतो. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागातील पेशी मरतात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन योग्य रुग्णाला लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच घरगुती उपायांत एक मिनिटही दवडू नये.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु शेजारच्या जिवंत पेशी त्यांचे काम शिकून घेऊ शकतात. हमरस्त्यावरचा पूल वाहून गेला, तर वाहने आडवाटेने जाऊ लागतात आणि वर्दळीने तीच वाट हळूहळू रुळते. मेंदूतही असेच घडते. मात्र वाट रुळावयाची तर त्यावरून वर्दळ हवी. तीच हालचाल, अर्थपूर्ण रीतीने, शेकडो-हजारो वेळा केली जाते तेव्हाच मेंदू ती नव्याने शिकतो. मालिशीने त्वचेला बरे वाटते, पण हालचाल दुसऱ्याने केलेली असते. तिच्यातून मेंदूला शिकण्यासारखे फार थोडे मिळते.

या शिकण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अधिक असतो. पुढेही सुधारणा होते, वर्षानंतरही होते, पण तिचा वेग मंदावतो. आम्ही घालविलेले सत्तर दिवस या तीन महिन्यांतले होते.

म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाला चालवावे, असाही याचा अर्थ नाही. पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या चोवीस तासांतच ज्यांना वारंवार आणि दीर्घकाळ उठविले-बसविले, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांहून किंचित खालावलेली आढळली. तेव्हा केव्हा, किती आणि कसे हे ठरविणे जाणत्या माणसाचे काम आहे. आपले काम एवढेच की, रुग्णालयात असतानाच ‘भौतिकोपचार केव्हा सुरू होईल?’ हा प्रश्न विचारावा आणि घरी येताना पुढील भेटीची तारीख हाती घेऊन यावे.

‘तुम्ही त्यांना चालवता आहात’

सातारा आणि सांगली यांच्या वाटेवर कराड लागते. तेथे कृष्णा विश्व विद्यापीठाचे भौतिकोपचाराचे स्वतंत्र महाविद्यालय असल्याने त्या शहरात या विद्येची माणसे मिळतात. इकडे मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडल्यापासून दूरदूरचे रुग्ण उपचारासाठी येतात. मुंबई-पुण्याची वाट धरण्याची गरज आपल्या दोन जिल्ह्यांतील माणसाला नाही, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले. आम्ही कराडच्या एका उपचार केंद्रात अण्णांना नेले.

तेथील भौतिकोपचारक म्हणजे आमच्या नातीच्या वयाची मुलगी. तिने आधी अण्णांचा खांदा पाहिला आणि कोणी ओढले म्हणून विचारले. आम्ही सारे जमिनीकडे पाहू लागलो. दुबळ्या बाजूचे स्नायू खांद्याचे हाड जागेवर धरून ठेवू शकत नाहीत. अशा हाताला धरून ओढले की सांधा खाली सरकतो आणि दुखणे महिनोन्‌महिने राहते, हे तिने शांतपणे समजाविले. उठविताना हात रुग्णाच्या दंडाला लावू नये, कमरेच्या पट्ट्याला लावावा, हा पहिला धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

दुसरा धडा पंधरा दिवसांनी मिळाला. अण्णा समांतर दांड्यांमध्ये उभे राहू लागले होते. माझा पुतण्या एका बाजूने आणि नोकर दुसऱ्या बाजूने त्यांना काखेत धरून पावले टाकवीत होते. ती मुलगी दुरून पाहत होती. जवळ येऊन म्हणाली, “काका, तुम्ही त्यांना चालवता आहात. आजोबा चालत नाहीत.”

मग तिने दोघांना बाजूला केले, स्वतः अण्णांच्या दुबळ्या बाजूस उभी राहिली आणि नुसता कमरेचा पट्टा सैल हाताने धरला. अण्णांचा तोल गेला, तेव्हा तिने क्षणभर वाट पाहिली. अण्णांनी स्वतःला सावरले. पडू न देणे आणि तोल जाऊ न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोल जाऊन सावरल्याखेरीज शरीर सावरणे शिकत नाही.

चालणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते; उपचारक तिचे तुकडे करून शिकवितात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे. उभ्याने शरीराचा भार दुबळ्या पायावर घेणे. गुडघा वाकवून पाऊल जमिनीवरून सोडविणे. टाच आधी टेकविणे. वळणे. अण्णांचे पाऊल पुढून लोंबत असे, बोटे जमिनीला घासत, आणि ते टाळण्यासाठी ते अख्खा पाय बाहेरून फिरवून आणीत. त्यावर पाऊल काटकोनात धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी मापाने बनवून घेतली. काठी उजव्या, म्हणजे सशक्त हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. अण्णांनी ते स्वतःच्या भाषेत पाठ केले : “चढताना धनको पुढे, उतरताना ऋणको पुढे.”

रोजकीर्द

त्या मुलीने एक वही ठेवण्यास सांगितले आणि अण्णांमधला व्यापारी जागा झाला. लाल कापडी बांधणीची नवी वही आली. तीत तारीख, सकाळची उठबस किती वेळा, संध्याकाळची पावले किती, तोल किती वेळा गेला, हे सारे रोजच्या रोज लिहिले जाऊ लागले. उजवा हात शाबूत असल्याने नोंदी त्यांच्याच अक्षरात आहेत.

महिन्याच्या अखेरीस एक मोजणी होई. जमिनीवर दहा मीटरच्या खुणा केलेल्या असत आणि ते अंतर चालायला किती सेकंद लागतात, ते घड्याळाने पाहायचे. चालण्याचा वेग हा या शास्त्रातला फार उपयुक्त आकडा आहे. सेकंदाला ०.४ मीटरहून कमी वेग असणारा माणूस सामान्यतः घरापुरताच चालतो, आणि ०.८ मीटरच्या वर गेला की बाजारहाट करू शकतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे दहा मीटरला पंचवीस सेकंद लागले तर घर, साडेबारा सेकंद लागले तर बाजार. अण्णांना पहिल्यांदा लागले एकावन्न सेकंद.

आवर्ती ठेवीत दर महिन्याची रक्कम लहान असते, पण हप्ता चुकला तर मुदतीअंती मिळणारा आकडा बिघडतो. अण्णांच्या वहीत मला तेच दिसे. ज्या आठवड्यात लग्नकार्यामुळे चार दिवस नोंद नाही, त्याच्या पुढच्या मोजणीत सेकंद वाढलेले. एकदा तापाने दहा दिवस अंथरुणावर गेले, तेव्हा तेवीसवर आलेला आकडा एकतिसावर गेला आणि परत तेवीस व्हायला सहा आठवडे लागले. सेकंद उतरत गेले ते असे, मध्येच वर चढत.

यंत्र घ्यावे काय?

याच सुमारास पुतण्याने एक यंत्र घेण्याचा विचार मांडला. शरीराचा भार वरून टांगलेल्या पट्ट्यांनी पेलून धरणारे आणि खाली सरकत्या पट्ट्यावर चालविणारे हे उपकरण. किंमत काही लाखांची. व्यापारी घरात वडिलांसाठी पैशाचा विचार करणे कोणालाच शोभत नाही, म्हणून सर्वांनी माना डोलाविल्या. मी मात्र त्या मुलीला विचारून पाहिले.

तिने अमेरिकेतील एका अभ्यासाची माहिती दिली. नंतर मी स्वतः ती वाचून खात्री केली. पक्षाघात झालेल्या ४०८ रुग्णांवरील हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना अशा टांगत्या यंत्रावर चालण्याचे शिक्षण दिले. काहींना भौतिकोपचारकांनी घरी जाऊन ताकद आणि तोल यांचे क्रमाने वाढत जाणारे व्यायाम शिकविले. वर्षअखेर दोन्ही प्रकारच्या रुग्णांत सुधारणा सारखीच निघाली. एकंदर ५२ टक्के रुग्णांचे चालणे वरच्या पायरीवर गेले होते. यंत्र निरुपयोगी ठरले नाही, पण घरातील खुर्ची, भिंत आणि जाणता उपचारक यांच्यापेक्षा ते सरसही ठरले नाही.

मग घरच्या माणसांनीच सारे शिकून घेतले तर? याचेही उत्तर शोधले गेले आहे आणि तेही आपल्याच देशात. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायामाचे शिक्षण देऊन घरी पाठविले. २०१७ साली निष्कर्ष आले : सहा महिन्यांनंतर मरण पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे तेवढेच. हा निकाल वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माया आहे, मनुष्यबळ आहे, थोडेसे शिक्षणही आहे, म्हणून उपचारकांवाचून निभावेल असे मानता येत नाही.

दोन्ही अभ्यासांचा माझ्यापुरता अर्थ मी असा लावला : यंत्राचे पैसे वाचवावेत आणि ते उपचारकांच्या भेटींवर खर्चावेत. दिशा त्यांनी द्यावी, त्यांनी नेमून दिलेल्या रोजच्या आवर्तनांना सोबत आपण करावी आणि प्रत्यक्ष हालचाल रुग्णाने करावी. यांतले एकही काम दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग होत नाही. यंत्राची मागणी मागे पडली आणि उपचारकांच्या घरभेटी आठवड्यातून तीन झाल्या.

फलटणशी जुळलेले एक नाव

ही विद्या आपल्याकडे कशी रुजली, हेही जाणण्यासारखे आहे. १९५२ साली मुंबईत बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, साथ आली. पायांतील शक्ती गेलेल्या मुलांना पुन्हा उभे करणारे शिक्षित हात देशात फारसे नव्हते. त्यातून १९५३ साली के.ई.एम. रुग्णालयात, राज्य शासन, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराची देशातील पहिली शाळा सुरू झाली. आज पोलिओ देशातून गेला आहे. २०१४ साली भारताला तसे प्रमाणपत्र मिळाले. पण त्या साथीने दिलेली विद्या आज पक्षाघाताच्या रुग्णांना उभे करीत आहे.

या शाळेच्या तीन वर्षे आधी, १९५० साली, त्याच रुग्णालयात व्यवसायोपचाराची पहिली शाळा निघाली होती. भौतिकोपचारक शरीराची हालचाल शिकवितो. व्यवसायोपचारक ती हालचाल वापरून सदरा घालणे, जेवणे, लिहिणे, दुकानात बसणे शिकवितो. एका हाताने सदऱ्याच्या गुंड्या लावण्यास अण्णांना अशाच एका व्यवसायोपचारकाने शिकविले. भारतात ही शाखा आणणाऱ्या बाईंचे नाव कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्राच्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला कृषिसंशोधनाचे मोठे काम उभारले आणि त्याच गावी कमलाबाईंच्या नावाने ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा चालते. फलटणला आपल्या समाजाची वस्ती मोठी. त्या शाळेवरून जाणाऱ्या किती जणांना हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल? मलाही नव्हते.

सपाट जमिनीवर अडणारे पाऊल

कराडच्या केंद्रात अण्णांच्याच वेळेला एक गृहस्थ येत. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी वर्णिलेला हा विकार मेंदूत डोपामिन हे द्रव्य कमी पडल्याने होतो. हात थरथरतात हे सर्वांना माहीत असते. पावले आखूड होतात आणि मध्येच जमिनीला चिकटल्यागत थांबतात, हे घरच्यांनाच कळते. हे गृहस्थ दाराच्या चौकटीत हमखास अडत. सून मागून म्हणे, “बाबा, चला ना,” आणि पाय अधिकच खिळत. उपचारकांनी जमिनीवर पाऊलभर अंतराने रंगीत फितीच्या आडव्या रेघा चिकटविल्या. त्या ओलांडायच्या म्हटल्यावर तेच पाय सरळ चालू लागले. मला तो चमत्कार वाटला.

त्यात चमत्कार नाही. सवयीने, आपोआप चालण्याची मेंदूतील यंत्रणा या आजारात मंदावते. पण पाहून, ठरवून, लक्षपूर्वक पाऊल टाकण्याची यंत्रणा बरीचशी शाबूत असते. रेघ, टाळीचा ठेका, मनातल्या मनात मोजलेले आकडे यांच्या आधाराने चालणे एका यंत्रणेवरून दुसरीवर सोपविले जाते. साधुसाध्वी ईर्यासमिती पाळून चार हात पुढची भूमी पाहत, प्रत्येक पाऊल जाणिवेने टाकतात. त्यांचे ते व्रत जीवरक्षेसाठी आहे. या रुग्णांना जाणिवेचे पाऊल उपचार म्हणून शिकावे लागते.

याचे एक सुंदर उदाहरण पुण्याचे आहे. मिलेहा सोनेजी या मूळच्या पुण्याच्या आरेखक. त्यांच्या काकांना हा आजार होता. सपाट जमिनीवर पाऊल न उचलणारे काका जिना मात्र सहज चढतात, हे त्यांनी एकदा पाहिले. प्रत्येक पायरी ही डोळ्यांना दिलेली सूचनाच असते. मग त्यांनी पायऱ्यांचे चित्र सपाट जमिनीवर अंथरले, आणि काका त्यावरून चालत गेले. २०१५ साली एका जाहीर व्याख्यानात त्यांनी हा अनुभव सांगितला. खर्च म्हणाल तर छापील चित्राचा. खरे मोल बारकाईने पाहण्याचे. घरच्या माणसाला हे पाहणे जितके साधेल तितके डॉक्टरांना पंधरा मिनिटांत कसे साधणार?

आपल्या घरांसाठी काही सूचना

पेठांमधील आपली घरे जुनी. उंबरे उंच, जिने अरुंद. उंबऱ्याला ठळक रंगाची पट्टी मारावी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा, न्हाणीघरात भिंतीला धरण्याची दांडी आणि खाली न घसरणारी फरशी असावी. सैल सतरंज्या उचलून ठेवाव्यात. मागे पट्टा नसलेली चप्पल या रुग्णांना चालत नाही. जमिनीवर बसून जेवण, पूजा वा स्वाध्याय करण्याचा हट्ट धरू नये. खुर्चीने भक्ती उणी होत नाही. पायाची पट्टी करवून घेताना बांधणीला चामडे नको, कापडी पट्टा हवा असे आधीच सांगावे, म्हणजे मंदिरात जाताना अडचण येत नाही. मंदिरातील ओल्या संगमरवरावर मात्र सोबत कोणीतरी असलेच पाहिजे.

उपवास आणि चौविहार पाळणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. पार्किन्सनच्या गोळ्या अचानक बंद करणे धोक्याचे असते, आणि गोळीची वेळ चुकली की पाय अडतात. गोळीचा अंमल असतानाच व्यायाम करावा. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर गोळी घेतल्यास काही रुग्णांत तिचा गुण कमी येतो. व्रतापूर्वी डॉक्टरांना नियम स्पष्ट सांगितले, तर वेळांची मांडणी बदलता येईल काय ते सांगू शकतात. न सांगता गोळी चुकवू नये.

उपचारकांची राज्य परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनसह दीर्घकालीन मज्जाविकारांचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यात संकोच करू नये. प्राप्तिकरात त्यावर वजावट मिळू शकते काय, ते आपल्या लेखापालांना विचारावे. माझ्या अनुभवात व्यापारी कुटुंबे पैशापेक्षा ‘अपंग’ हा शब्द कागदावर येईल या भीतीने मागे राहतात. कागदाने कोणी अपंग होत नाही.

वहीपूजन

अण्णा पूर्ण बरे झाले नाहीत, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. डाव्या हाताची बोटे अजून उघडत नाहीत, खांदा थंडीत दुखतो. ते सत्तर दिवस वाया गेले नसते तर किती फरक पडला असता, हे कोणी सांगू शकत नाही. माझ्या मनातून तो प्रश्न जात नाही. वहिनी मला म्हणतात, “भाऊजी, जे बुडाले ते बुडाले, आता हप्ते चुकवू नका.”

पडल्यापासून अकराव्या महिन्यात अण्णा घराच्या दारापासून दुकानाच्या गादीपर्यंत काठीने एकटे चालत गेले. अंतर चव्वेचाळीस पावलांचे. पुतण्या मागे दोन हात अंतरावर होता आणि त्याने हात पाठीशी बांधून घेतले होते, न राहवून पुढे जातील म्हणून. त्या दिवसाच्या नोंदीत अण्णांनी फक्त ‘४४’ लिहिले आहे आणि शेजारी तोल गेल्याच्या रकान्यात ‘१’.

अलीकडे दहा मीटरला त्यांना सोळा-सतरा सेकंद लागतात. दिवाळीला आमच्या घरी वहीपूजन असते. चोपड्या, खतावणी पाटावर मांडल्या जातात. गेली काही वर्षे त्यांच्याच रांगेत ती लाल कापडी वही असते, आणि पूजेनंतर नव्या वर्षाची पहिली नोंद अण्णा तिच्यातच करतात : तारीख, उठबस, पावले.